काकांच्या गावची मतदार

कुमामोतो, ६ जुलै

ती. बाबा, यी-त्झेनचा नमस्कार.

१. मार्चमध्ये तुम्ही माझ्या खणातला, सहीऐवजी चालणारा माझा शिक्का घेतला.
२. तो अर्जावर उमटवून माझी घरनोंदणी, म्हणजे माझं मतही, आपल्या ताइनानमधून काकांच्या गावी हलवली.
३. नोव्हेंबरात काका तिथे गावप्रमुखपदाला उभे आहेत.
४. हे मला तुम्ही नाही, पो-युआनने सांगितलं. धाकट्या भावाकडून कळावं?

काकांना फोन केला, तर ते हसले. "अगं पोरी, गेल्या वेळी सहा मतांनी पडलो! तू जपानात, तुला काय फरक पडतो?"

पडतो. अशा खोट्या नोंदीवर तिथे मत दिलं तर तो गुन्हा आहे, माझाही आणि तुमचाही. नाही दिलं तर माझं मत गेलं. परदेशातून मत देता येत नाही, म्हणून मी दर वेळी विमानाने येते. कामावर शेजारच्या टेबलावर बसणारी मोरिता म्हणते, "वेडी आहेस! मी तर समोरच्या शाळेतही जात नाही मत द्यायला." मी तिला तोऱ्यात म्हटलं होतं, आमच्याकडे मताला किंमत आहे. टीव्हीसमोर बसून मतं विकणाऱ्यांना शिव्या देणारे तुम्हीच ना, बाबा?

मी बरी आहे. जेवण वेळेवर होतं, कामावरचं नवं यंत्र नीट चालतंय. आईचा गुडघा कसा आहे? तिला हे माहीत होतं का?

मतदानाआधी सलग चार महिने नोंद एकाच ठिकाणी लागते. म्हणून २७ जुलैच्या आत ती ताइनानला परत आणा आणि शिक्का आईकडे द्या. नाहीतर मी स्वतः येऊन कचेरीत खरं सांगेन. काकांसाठीही थांबणार नाही, तुमच्यासाठीही नाही.

काय ठरवलंत ते २० जुलैपर्यंत कळवा.

तुमची मुलगी,
यी-त्झेन