ओव्हनचे सहा अँपिअर

अण्णा, तुमचा तो चिमट्यासारखा मीटर अजून चालतो, आणि मध्यंतरी त्याच्यामुळे आपलं घर मोडता मोडता राहिलं. तुमचा नातू आणि त्याची बायको कोलशेतला भाड्याने जागा बघायला लागलेले. माझी सून गुणी आहे, पण मानी. तिने केक भाजायचा ओव्हन लावला की थोड्या वेळाने स्वयंपाकघराच्या लाइनचा स्विच खाली पडायचा, आणि तुमचे चिरंजीव, साठी जवळ आली तरी जिभेला हाड नाही, रोज टॉवेल गुंडाळून बाहेर येऊन म्हणायचे की तुझ्या ओव्हनने घर अंधारात घातलं. ती उलटून बोलायची नाही. एका सकाळी मात्र चहा गाळता गाळता मला म्हणाली, "आई, आम्ही वेगळं राहतो. तुम्हाला रोजची कटकट नको." लेकीसारखी वगैरे मी म्हणणार नाही, ते सगळ्याच सासवा म्हणतात. पण तिच्याशी बोलल्याशिवाय मला दिवस गेल्यासारखा वाटत नाही.

तेव्हा तुम्ही आठवलात. मी लग्न होऊन डोंबिवलीत आले ती साताऱ्याकडच्या खेड्यातून, बी.ए. मराठी करून, आणि प्लगला हात लावायची भीती घेऊन. अंघोळीचं पाणी रॉडने तापायचं. सगळ्यांच्या अंघोळी होऊन सासूबाईंची, म्हणजे आईंची, पूजा, पूजेशिवाय तुमचा डबा नाही, आणि तुमची मानपाड्याची हिटरच्या कारखान्यातली पहिली पाळी. रोज उशीर. आईंचं ठरलेलंच होतं, की ही पोरगी झोपून राहते आणि रॉड उशिरा लावते. मी मोरीत तोंड फिरवून रडायचे. आई वाईट नव्हत्या, पण एकदा तोंड सुटलं की देवसुद्धा आडवा येत नसे.

आणि मग तो दिवस. तुम्ही कारखान्यातून मीटर आणलाय, मोरीच्या दाराशी पाट घेऊन बसलायत, आणि स्वतः न बघता मला वाचायला लावताय. प्लगाशी एकशे ऐंशी व्होल्ट. तारेतून पाच अँपिअर. मग म्हणता, व्होल्टला अँपिअरने भाग. छत्तीस आले. तो रॉडचा रोध, म्हणजे रॉड विजेला किती अडवतो ते, आणि तो काही आपल्या घरी येऊन बदलत नाही. आता व्होल्ट आणि अँपिअर गुण. नऊशे. तेवढे वॅट रॉडला खरे मिळतात. रॉडवर तर दीड हजार छापलेले. मी म्हटलं, मग छापलंय ते खोटं? तुम्ही हसलात. खोटं नाही, ते दोनशे तीस व्होल्ट मिळतात त्या घरातलं आहे, आपल्या गल्लीत सकाळी सगळ्यांचेच रॉड लागतात. एवढं झाल्यावर आईंना ऐकू जाईल अशा बेताने, पण आवाज न चढवता बोललात, "पाणी उशिरा तापतं, त्यात हिचा काही दोष नाही." दुसऱ्या दिवशी मी उठले तर त्यांनीच रॉड लावलेला, आणि मला म्हणाल्या, नीज अजून जरा.

रिटायर झालात तेव्हा तसलाच एक मीटर विकत आणून मला दिलात. मुलाला का नाही, असं आईंनी विचारलं, तर म्हणालात, त्याला गणित येतं, पण थांबून बघायचा धीर नाही. ते आजही तसंच आहे.

तर मी तो मीटर काढला आणि सुनेला बोलावलं. तिने हौसेने चिमटा सबंध केबलीला लावला आणि आकडा आला शून्य. मीसुद्धा पहिल्यांदा तेच केलेलं! जाणारी आणि येणारी तार एकदम धरली की वजाबाकी होते, एकच तार धरायची असते. एक तार सुटी करून लावली. ओव्हन सहा अँपिअर. व्होल्टेज आता चांगलं असतं, दोनशे तीस, म्हणजे चौदाशेच्या आत. एवढ्याने सोळा अँपिअरचा स्विच कशाला पडेल? मग तिनेच शोधलं, मी नाही. माझ्या लेकाने हौसेने बसवलेला तो नळाचा गिझर, उघडला की गरम, त्याचीही लाइन तीच. तो एकटा तेरा खातो. तेरा आणि सहा, एकोणीस, आणि नेमकी ओव्हनच्या वेळीच यांची अंघोळ. टॉवेल गुंडाळून ओरडणारा माणूसच रोज घर अंधारात घालत होता. त्यांना आकडे दाखवले तेव्हा कानाची पाळी चोळत म्हणाले, "बरं बाई, चुकलं." सून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. कोलशेतचं नाव त्यानंतर निघालं नाही.

वायरमनने गिझरला बोर्डापासून वेगळी लाइन ओढली. ओव्हनचा पॉइंट कुठे काढू, म्हणाला. सून म्हणाली, आमच्या खोलीच्या बाल्कनीत, म्हणजे आई, तुमचा ओटा मोकळा होईल. मी म्हटलं, नको गं, तार लांब पडते, व्होल्ट वाटेतच सांडतील, केक फुगायचा नाही. तिने लगेच मान डोलावली. आता ओव्हन ओट्याशेजारीच आहे. संध्याकाळी ती पीठ फेटते, मी भाजी निवडते, आणि आमच्या गप्पांना ताळतंत्र नसतं.

हे पत्र तुमच्यापर्यंत जायचं नाही तेच बरं, अण्णा. तुम्ही पहिलं ते गणित तपासलं असतं. बाल्कनीपर्यंतच्या तारेत फार तर एखाद-दीड व्होल्ट पडला असता, मी मनातल्या मनात काढून बघितलं होतं. तारेचा रोध कसा काढायचा ते सुनेला अजून शिकवलेलं नाही. शिकवीन, पण इतक्यात नाही.