साहेबांच्या खाण्यातली कोंबडी

६ तारीख, सोमवार
आणि सगळ्यात आधी घरात कोण घुसलं, तर साहेब! साहेब म्हणजे नातीचा कुत्रा. थेट माझ्या पलंगावर. मागून नात, मग पिशव्या सांभाळत सूनबाई, शेवटी मुलगा, फोनवर बोलत. विहीणबाईही आल्या, न बोलावता. म्हटलं, बसा.
मुलाच्या नव्या बिल्डिंगमध्ये कुत्रा चालत नाही. म्हणजे साहेबांनी आता एका आजीकडे राहायचं, आणि नातीने त्यांना भेटायला दर रविवारी यायचं. दर रविवारी! एरवी पोरगी फोनवर दिसते, तेही अर्धं कपाळ. आठवडाभर माझी ट्रायल. नाही जमलं तर विहीणबाई टपलेल्या आहेतच.
अट एकच. साहेबांना कोंबडीची ॲलर्जी. पोटात गेली की खाज सुटते. सूनबाई म्हणाली, आई, त्याच्या खाण्याच्या पाकिटामागचं सगळं वाचून मगच घ्या हं. म्हटलं, अगं, मी चौथी पास आहे. विहीणबाई छताकडे बघून हसल्या.

७ तारीख, मंगळवार
दुकानात मेंढीचं चित्र असलेलं पाकीट निवडलं. मेंढी चेहऱ्यावरून घरंदाज वाटली. दुकानदार म्हणाला, आजी, चित्राला भुलू नका, मागे वाचा. जे जास्त असतं ते आधी लिहितात. भिंग लावून वाचलं. मका. तांदूळ. कोंबडी. मेंढी पार खाली, मिठाच्या शेजारी.
मी लगेच ओळखलं. लग्नपत्रिकेत पहिली दोन नावं कामाची, बाकीची मानापुरती. नाही छापली तर रुसतात. कोंबडी मानापुरती आहे. दुकानदार म्हणाला, तिसरी म्हणजे पुष्कळ झाली, आजी. त्याला काय कळतंय, त्याचं लग्न व्हायचंय.
खाली राखसुद्धा लिहिली होती. म्हटलं, मुक्या जिवाला राख घालता? तो म्हणाला, घालत नाहीत हो, खाणं जाळलं तर किती उरेल ते लिहितात. म्हटलं, मग जाळता कशाला? त्याने बिलच फाडलं. पाकीट घेऊन आले.

८ तारीख, बुधवार
साहेबांनी वाटी चाटूनपुसून लख्ख केली. मग दाराच्या चौकटीला किती वेळ पाठ घासत होते! रमले. आमचे हेसुद्धा पगाराच्या दिवशी असेच घासायचे.
तरी मनात शंका नको. दाणे दोन रंगांचे आहेत, तांबडे आणि फिकट. तांबडे म्हणजे कोंबडी, उघड आहे. उद्यापासून निवडून द्यायचे. जन्मभर धान्य निवडलंय. खडा सुटला नाही, तिथे कोंबडी सुटते होय?

९ तारीख, गुरुवार
दुपारभर ताट मांडीवर घेऊन निवडलं. शेजारीण म्हणाली, अहो, सगळं एकाच पिठाचं, रंग तेवढे वेगळे. तिला दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.
तांबडे टाकवेनात, चहाबरोबर मीच खाल्ले. मीठ कमी. कोंबडीची चव मात्र लागली नाही. म्हणजे कोंबडी फिकटात! उद्या तांबडे साहेबांना, फिकट मला.

१० तारीख, शुक्रवार
अदलाबदल केली. फिकटातही चव नाही. म्हणजे कोंबडी नाहीच, नुसतं नाव.
साहेबांचा मागचा पाय शिवणयंत्रासारखा चालू असतो. तरतरी आली. पोटावरचे केस गेलेत, पण गरमीच्या दिवसांत बरंच की, वारा लागतो. सूनबाईला फोनवर सांगितलं, साहेब एक मिनिट स्वस्थ बसत नाहीत. रविवारसाठी नवी चादर काढली.

१२ तारीख, रविवार
आले सगळे. साहेब दाराशी गेलेच नाहीत, बसल्या जागी खाजवत होते. नातीने पोटावर हात फिरवला आणि रडायलाच लागली. आजी, हे लाल लाल काय झालंय? म्हटलं, उष्णता. सूनबाईने पाकीट उलटं करून बोट ठेवलं. म्हणाली, आई, कोंबडी. म्हटलं, तिसरी आहे गं. तिने पाकीट तसंच कचऱ्यात टाकलं. बोलली असती तर बरं झालं असतं.
मुलाने ताटातले दोन ढीग बघितले. विचारलं, हे काय? म्हटलं, निवडलंय. तो खालीच बसला.
विहीणबाई टोमणा मारतील म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, होतं हो असं, कुणाच्याही हातून होतं. उत्तर वाया गेलं.
साहेब त्यांच्या मांडीवर बसून गाडीतून डॉक्टरकडे गेले. तिथून त्यांच्याच घरी. आता कायमचे.
नातीला विचारलं, मग तुझे रविवार? म्हणाली, साहेबांकडे. मग माझा चेहरा बघून म्हणाली, आजी, तुझ्याकडे पण येते ना, बावीस तारखेला, प्रॉमिस.
कॅलेंडर बघितलं. बावीसला बुधवार येतो. बुधवारी देतात शाळेला सुट्टी, कधी कधी.