केसाएवढा फरक

३ मार्च
आजपासून करवतीचं डिझाइन. गोल पातं, कमी स्पीड, वरून पाण्याची धार. लोखंडी पाइप असा कापेल की फरक पडलाच तर केसाएवढा! धाकट्या भावाला लांबच्या कारखान्यात नोकरी लागलीय, एकवीसला बिऱ्हाड हलवणार म्हणतो. हलवतो कसला! बावीस वर्षं एका शेडमध्ये काम केलंय आम्ही. करवत चालली की राहील.

७ मार्च
ड्रॉइंग पूर्ण. अप्रतिम. धाकटा म्हणाला, दादा, पातं धरणारी चकती हलतेय, लेथवर परत मारून घेऊ. खोड काढल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. दुर्लक्ष केलं.

१२ मार्च
ट्रायल. कट दीड मिलिमीटर तिरका. कारण सापडलं: शेडची जमीन उतरती आहे. बायको म्हणाली, भावाशी एकदा नीट बोला. रोज बोलतो की! पाना दे, म्हणतो.

१५ मार्च
कट तिरकाच. व्होल्टेज कमी. धाकट्याच्या बायकोने भांडी खोक्यात भरली. उगाच घाई. परत काढत बसावी लागतील.

१९ मार्च, दुपारी ४
धाकट्याला स्टुलावर बसवून फायनल ट्रायल. पातं डुललं, तीन दात उडाले. त्याने उठून मेन स्विच बंद केला. मग कानस घेऊन पाइपचं ते वेडंवाकडं तोंड सरळ करत बसला. अर्धा तास. म्हटलं, राहू दे रे. मान वर न करता म्हणाला, दादा, बावीस वर्षांत एकदा तरी विचारलंस, तुला काय वाटतं म्हणून?
मी म्हटलं, पातं लोकल होतं.

२१ मार्च, सकाळी ७
टेम्पो आला. दोर मी आवळले. त्याने सोडून पुन्हा बांधले. पोचलास की फोन कर, एवढंच सांगायचं होतं. तोंडातून निघालं, टायरमध्ये हवा बघून घे.

२२ मार्च
चकतीला हात लावून पाहिला. हलत होती. कुणाला सांगणार?

२४ मार्च
जुनं गिऱ्हाईक पाइप घेऊन आलं. विचारलं, धाकटे कुठायत? म्हटलं, जेवायला गेलाय, येईल इतक्यात, बसा.
बिचारा तासभर बसला. मग गेला.
मी बसलोय.