हळद लागलेला बोकड

तीर्थरूप शेषरावदादा यांच्या पायी उकंडाचा दंडवत.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि वहिनींचं बीपी उतरलं का, ते कळवावं. इकडचं मात्र विचारू नका. (फोनवर सांगितलं असतं, पण तुमची भावजय आशाबाई भिंतीपलीकडूनही ऐकते, म्हणून ही चिठ्ठी नांदुऱ्याच्या एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती.)

आपली छकुली बाळंतपणाला माहेरी आली आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोरीच्या अंगात रक्त कमी आहे, कलेजी द्या, पायाचं सूप द्या. आमच्या गावात मटण रविवारी, तेही नुसती हाडकं. तेव्हा मी डोकं चालवलं, की अख्खा बोकडच आणावा, कापून फ्रीजरमध्ये भरावा आणि बाळंत होईपर्यंत निवांत राहावं. मेहकरच्या बाजारातून काळाभोर बोकड आणला. ऑटोत त्याने माझी टोपी खाल्ली (जुनीच होती) आणि उतरताना पत्र्याला कान खरचटून घेतला. आशाबाईने लगेच हळद लावली. ती जरा कपाळापर्यंत गेली, पण घाईत होतं तसं.

घात तिथेच झाला. शेजारच्या तानुबाईने हळद पाहिली आणि उकंडरावाने मरीमायच्या नवसाचा बोकड आणल्याचं गावभर केलं. नवसाचं मटण घरी न्यायचं नाही, देवळापुढेच शिजवून गावाला जेवू घालायचं, हे तुम्हाला मी काय सांगू. मी जो भेटेल त्याला बोकडाचा कान दाखवत राहिलो. लोकांनी बोकडाला हात जोडले आणि मंगळवारी रस्सा तिखट ठेवा म्हणाले. देवळाचं बघणाऱ्या पुंजाजींनी तर आचारीही ठरवून टाकला. फ्रीजर मी धुऊनपुसून ठेवला होता, त्यात आता फक्त बर्फ आहे. दादा, मी पुरता खचलो आहे. पोरीला पाजू काय?

शेवटी आशाबाईलाच म्हटलं, हळद औषधाची होती हे तू तरी लोकांना सांग. ती भाकरी थापत राहिली.

"हळद लागली ना त्याले," ती म्हणाली, "मंग तो मायचा झाला. तुम्ही काऊन भांडून राह्यले?"

मंगळवारी सहकुटुंब यावं. येताना रस्सा शिजवायला मोठा गंज आणावा, आमचा पुरायचा नाही.

आपला,
उकंडा

ता.क. छकुलीसाठी किलोभर मटण आणि कलेजी नांदुऱ्याहून आणा. पिशवीत वरून मेथी टाका. बोकड दारात बांधून बाहेरचं मटण आणलेलं दिसलं तर गाव हसेल.

पुन्हा ता.क. चिठ्ठी बंद करण्याआधी बोकडाला पाला टाकायला गेलो. कानाच्या जखमेवर हळदीचा कणही नाही, सगळी कपाळावर. आशाबाईला विचारलं, तर ती रडायलाच लागली. मागच्या खेपेला छकुलीचं बाळ हाती लागलं नाही, तेव्हाच तिने मरीमायला बोकड बोलला होता. मला सांगितलं नाही, कारण मी डॉक्टरीणबाईंचं नाव पुढे केलं असतं. (केलंच असतं.) मटण आणाच. आणि एक नारळही घ्या, मायसाठी, माझ्याकडून. आशाबाईला सांगू नका.