हिरव्या भिंतीवरची घोसाळी

ती. प्रेमलाआत्यास,

संजयचा सप्रेम जय भीम. तुझा गुडघा काय म्हणतो? (फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लेक अक्षताच्या हाती हे पत्र.)

आमचं धायरीचं नवं अग्निशमन केंद्र पर्यावरणपूरक आहे, हे मी तुला सांगून सांगून दमलोय. छतावर सोलर, जमिनीखाली पावसाच्या पाण्याची टाकी आणि नकाशात दर्शनी भागाला ‘हिरवी भिंत, देशी वेल’. ठेकेदाराचे वेल पंधरा दिवसांत वाळले. सोमवारी समिती तपासणीला येणार. भिंत हिरवी नसेल तर प्रमाणपत्र नाही आणि केंद्रप्रमुखाची, म्हणजे माझी, बदली. म्हणून दोन महिन्यांपूर्वीच तू दिलेल्या घोसाळ्याच्या बिया गुपचूप लावल्या. देशीच ना त्या!

आत्या, काय माजला वेल! (आमची रोजची पाइपची कवायत त्याच्याच मुळाशी चालते.) भिंत झाली, पाटी झाली, मग स्वारी गाडीच्या गॅरेजच्या शटरवर चढली. कापणार कोण? ‘पान तोडल्यास कारवाई’ असा फलक मीच लावलेला. काल दुपारी एका सोसायटीतून धुराची वर्दी आली. आम्ही हेल्मेटं घालून गाडीत, आणि चालक कोंडीराम शटर उचलतो तर ते गुडघ्याएवढं उठून अडकलं! शेवटी सहा जण खालून सरपटत बाहेर पडलो आणि आग विझवायची नळकांडी मांडीवर घेऊन दोन रिक्षांतून गेलो. चौथ्या मजल्यावर यमुनाबाई नावाच्या आजी दारातच उभ्या. करपलेला कुकर त्यांनीच विझवला होता. म्हणाल्या, “आलात? बसा. विझवायला काही उरलेलं नाही. चहा घेणार का?” आम्ही घेतला. लाजेने दोनदा घेतला.

हसू आवरत नाही, पण परतताना एकच विचार डोक्यात होता. कुकरच्या जागी सिलिंडर असता तर? वेल कापला तर बदली, ठेवला तर गाडी आत. तरी सोमवारपर्यंत त्याला हात लावायचा नाही, असं मी पक्कं ठरवलंय.

तुझा,
संजय

ता. क. – पाकीट चिकटवताना पुन्हा वर्दी आली. कोयता घेतला आणि शटरपाशी असलेला बुंधाच तोडला आणि शटरवरचं वेलाचं जाळं खाली ओढलं. मिनिटाच्या आत गाडी बाहेर. एक आजोबा आणि दोन नातवंडं सुखरूप काढली, आत्या! भिंत मात्र सोमवारपर्यंत वाळणार.

ता. क. दुसरा – वेलावर टोपलीभर कोवळी घोसाळी निघाली. समितीच्या हातात तुझी गरम भजी असताना भिंतीकडे कोण बघतंय? सोमवारी दहाला ये. इथे गॅस नाही, सूर्यचूल आहे; तिच्यावर तेल तापेपर्यंत समिती निवृत्त होईल. तेव्हा शेगडी घेऊन ये. अग्निशमन केंद्रात जाळ करायची परवानगी मी देतो. दुपारपर्यंत तरी केंद्रप्रमुख मीच आहे.