केकचं टेबल आणि डोंगरातली आगगाडी

२६ जून
देवाच्या कृपेने निघालो. नेब्रास्का मागे, कोलोराडो पुढे. डेलबर्टने निवृत्तीनंतर हे जुनं मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, घेतलं तेव्हा मी एका शब्दाने आडकाठी केली नाही. फक्त पंधरवडाभर त्याच्याशी बोलले नाही. त्या डोंगरातल्या वाफेच्या गाडीत बसायचं त्याचं स्वप्न आमच्या लग्नाच्याही आधीचं. बसू दे. एका दिवसाचं काम. हा प्रवास केवळ त्याच्या आनंदासाठी आहे, याची मी त्याला रोज आठवण करून देते.

जुलैअखेर मात्र घरी. ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी चर्चचा मेळा. तिथलं केकविक्रीचं टेबल माझं. धाकटा शाळेत होता तेव्हापासून माझं. पास्टर म्हणाले, यंदा चर्चमधली अर्लिसबाई बघेल, तू निवांत फिरून ये. भिडस्त माणूस. अर्लिसच्या केकने भिंतीची भोकं बुजतील. मी त्यांना म्हटलं, काळजी नको, मी येतेच. त्यांचा चेहरा एकदम गंभीर झाला. भरून आलं असेल.

संकल्प: गाडी डेलबर्ट चालवणार. मी मधे बोलणार नाही.

२७ जून
मधे बोलले नाही. फक्त सिग्नल, ट्रक, वळणं, वेग आणि त्याचं बसणं, एवढ्याबद्दल सुचवलं. त्याने रेडिओ मोठा केला. कानाने कमी ऐकू येतंय बहुतेक. घरी गेल्यावर डॉक्टरांना दाखवायला हवं.

मुक्काम एका मोठ्या दुकानाच्या आवारात. फुकट. खिडकीसमोर कचऱ्याचे डबे. डेलबर्ट म्हणाला, मागे तळ्याकाठी चांगला कॅम्प होता. म्हटलं, डोळे मिटल्यावर तळं काय नि डबे काय! त्याने पडदा ओढून घेतला. पटलं.

२९ जून
पुन्हा दुकानाचं आवार. वेगळं दुकान, तेच डबे. एसी लावू दिला नाही. इंधन काय आभाळातून पडतं? डेलबर्ट खुर्ची घेऊन बाहेर झोपला. निसर्गाची ओढ लागली आहे त्याला. बरं वाटलं.

२ जुलै
आगगाडीच्या गावी पोहोचलो. इथे फुकट जागा नाही, कॅम्पमध्ये उतरावं लागलं. पोहोचल्यावर रीतीप्रमाणे डेलबर्ट मोटरहोम मागे घेत होता, मी मागे उभी राहून हात करत होते, आणि रीतीप्रमाणेच शेजारीपाजारी खुर्च्या टाकून बघत होते. एक टेक्सासचा म्हातारा ओरडला, लावा रे पैज, हे लग्न संध्याकाळपर्यंत टिकतं का! माझे हात अगदी स्पष्ट होते. एक खूण ‘ये’ची. दुसरी, दिसायला तशीच, ‘थांब’ची. चाळीस वर्षांच्या संसारात एवढं कळू नये?

पाण्याच्या नळाचा खांब मुळापासून गेला. कारंजं उडालं. टेक्सासवाल्याचे सॉसेज शेगडीवरून वाहत गेले. खांब चुकीच्या जागी होता, असं मी सगळ्यांना समजावून सांगितलं. डेलबर्ट पाना घेऊन चिखलात उतरला. उभा जन्म ट्रॅक्टर दुरुस्त केलेत त्याने. अंधार पडायच्या आत नळ पहिल्यासारखा केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कॅम्पची मालकीण लोरेटा म्हणाली, असा माणूस इथे सोन्याच्या भावात जाईल. टेक्सासवाल्याने त्याला बिअर दिली. मी लांबून डोळे वटारले. त्याला वाटलं मी हात करतेय, म्हणून त्याने दुसरीकडे बघितलं.

संकल्प: यापुढे हातांच्या खुणा कमी, तोंडाने जास्त.

६ जुलै
उद्याची तिकिटं काढली. खिडकीवरच्या पोरीने विचारलं, डावीकडची बाकं की उजवीकडची? डेलबर्ट तोंड उघडणार, एवढ्यात मी विचारलं, सावली कुठे असते? डावीकडे. मग डावीकडे! पोरगी म्हणाली, मावशी, अहो नक्की ना? या वयात उन्हाने काय होतं ते तिला काय माहीत.

संकल्प: उद्या त्याचा दिवस. दिवसभर गप्प.

७ जुलै
दरी उजवीकडे होती. डावीकडे खडक. पण खडक इतका जवळून दिसला, की उजवीकडच्या कुणालाही तसा दिसला नसेल. डेलबर्टला तसं म्हटलं. तो म्हणाला, मी जरा पाय मोकळे करून येतो. त्यानंतर दिसलाच नाही. अंड्याची सँडविचं मी एकटीने खाल्ली, वाया कशाला घालवायची.

डब्यातली वाटाडी मुलगी सांगत होती, हे डोंगर कोट्यवधी वर्षांचे आहेत. गप्प राहणार होते. पण देवाच्या शब्दाचा प्रश्न आला. उठून सृष्टी किती दिवसांत निर्माण झाली ते पहिल्या दिवसापासून सांगितलं. तिसऱ्या दिवशी पोहोचले तोवर चार जणांनी आपणहून सांगितलं, की पुढच्या डब्यात छान जागा रिकामी आहे. प्रवासात माणुसकी भेटते ती अशी.

वरच्या स्टेशनावर डेलबर्ट सापडला. शेवटच्या डब्याच्या उघड्या सज्जात, ब्रेकवाल्यासोबत. तोंड काजळीने काळं, दात पांढरे. लग्नाच्या फोटोतही त्याचे इतके दात दिसत नाहीत. येताना सज्जातूनच आला.

८ जुलै
मन शांत ठेवून लिहिते आहे.

डेलबर्टने नोकरी धरली. गाडीवर ब्रेकवाल्याचा मदतनीस, सप्टेंबर संपेपर्यंत. लोरेटाने शब्द टाकला. इथे निवृत्त जोडपी उन्हाळाभर अशी कामं करतात. जागा, वीज, पाणी फुकट. पण जोडपंच लागतं, दोघांनी काम करायचं. माझ्या वाट्याला कॅम्पमधली संडास-न्हाणीघरं.

मी म्हटलं, आणि मेळा? तो म्हणाला, अर्लिस आहे ना. मी म्हटलं, अजिबात नाही. तो म्हणाला, फुकट आहे, वर्ना! मला नाही म्हणायला जागाच ठेवली नाही. मग म्हणाला, काल चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी गाडीवर उभा होतो, आणि पुढचं वळण कुठे आहे ते मला कोणी सांगत नव्हतं. हे त्याने रागाने म्हटलं असतं तर चाललं असतं. हसून म्हणाला.

प्रार्थना केली. उत्तर मिळालं: धीर धर. आठवड्यात त्याची पाठ धरेल. तोपर्यंत न्हाणीघरं मला जड नाहीत, प्रभूने शिष्यांचे पाय धुतले होते.

संकल्प: अर्धं सामान बांधून ठेवायचं.

२० जुलै
पाठ धरली नाही. उलट शीळ घालतो. गावातली पोरं त्याला ‘कॅप्टन’ म्हणतात.

न्हाणीघरांत मी सूचनांच्या पाट्या लावल्या. टेक्सासवाला म्हणाला, वर्नाबाई, आंघोळीला आलो होतो, परीक्षेला बसल्यासारखं वाटलं. लोकांना शिस्त आवडते.

२ ऑगस्ट
बांधलेलं सामान सोडलं. स्वेटर लागतात.

बसची चौकशी करायला गेले. भाडं ऐकलं आणि तशीच परत आले. एवढ्या पैशांत अंडी-लोणी किती येईल! शिवाय मी एकटी गेले तर डेलबर्टचं कसं होईल? त्याला विचारलं. तो म्हणाला, होईल. धीराचं बोलतो, पण मला आवाजात कंप जाणवला. राहायचं ठरवलं. पास्टरांना कळवलं, की यंदा माझ्याशिवाय निभावून न्यावं लागेल. त्यांनी लगेच ‘देवाची इच्छा’ म्हटलं. जरा जास्तच लगेच.

१२ ऑगस्ट
मेळ्याचा दिवस. माझं टेबल ओस पडलं असणार, अर्लिस कोपऱ्यात रडत असणार. धीर द्यायला दुपारी फोन केला. मागे केवढा गलका! अर्लिस ओरडून म्हणाली, वर्ना, सगळं बाराच्या आत संपलं गं, आता लोक उद्याची मागणी नोंदवताहेत, पास्टर स्वतः बशा धुताहेत, नंतर बोलू. मी म्हटलं, माझी आठवण काढली का कोणी? ती म्हणाली, कोणी? फोन बंद झाला.

पलंगावर बसून राहिले. बायबल उघडलं, मिटलं. गाडी वरून परत येताना शिटी वाजली. डेलबर्टच असेल, वाजवू देतात त्याला आता.

तेवढ्यात दार वाजलं. टेक्सासवाल्याची बायको. म्हणाली, बाई, बायकांच्या बाजूचा संडासातला कागद संपलाय, जरा घाई आहे.

गुंडाळी घेऊन धावले. शेवटी जिथे तिथे मीच लागते.