मधला नंबर

१९ ऑगस्ट १९९६

प्रिय भारती,

त्या शुक्रवारी तुझा नाशिकला केलेला फोन लागला असता, तर तू तुझ्या आईला शेवटचं भेटली असतीस का? सतरा दिवस मी स्वतःला विचारतेय.

तू माहेराहून कधी येणार, असं गावात कुणी विचारलं की तुझे सासरे, आबासाहेब, खाली बघतात. आई होती त्या नाशिकच्या दवाखान्यात तू रोज फोन करायचीस ते त्यांना खुपलं, म्हणून त्यांनीच घरच्या फोनची एसटीडी, म्हणजे बाहेरगावी फोन लावायची सोय, बंद करवली, असं तू म्हणालीस. त्यांनी नातवाच्या डोक्यावर हात ठेवून नाही म्हटलं. तुला पटलं नाही. कसं पटावं? गावातले फोन लागत होते, फक्त नाशिक लागत नव्हतं. रविवारी तू बूथवर गेलीस, तोवर आई राहिली नव्हती. सोमवारी सासरहून बाहेरगावचा फोन पुन्हा लागू लागल्याचं कळलं आणि तुझा संशय पक्का झाला.

मी काम करते त्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये एसटीडी बंद होते ती ज्याच्या नावावर फोन त्याच्या अर्जावरून. त्या शुक्रवारी सात अर्ज होते. एकेक नंबर टाकायचा मी कंटाळा केला आणि कॉम्प्युटरला ४३१ ते ४३८ असा एकच हुकूम दिला. मधल्या ४३५चा अर्ज नव्हता. तो तुमचा नंबर. सोमवारी यादी ताडताना दिसलं. मी गुपचूप तो सुरू केला आणि नोंदवहीत काहीच लिहिलं नाही.

घरातली पहिली पदवीधर मी. माझ्या सहीचा कागद माझी आई शेजारच्या गोजरबाईंना दाखवते, दोघींना वाचता येत नसूनही. ती सही खोटी पडेल, याची भीती वाटली. दहाव्याला तुझा हात धरून बसले होते. तू सासऱ्यांना बोल लावत होतीस आणि मी मान हलवली. चुकीपेक्षा त्याची लाज मोठी आहे.

आज सकाळी एक्सचेंजच्या साहेबांना सगळं लिहून दिलं. मग आबासाहेबांकडे गेले. ते म्हणाले, "मला सांगून काय व्हनार, पोरी? मी केलं न्हाई हे मला ठावं हुतंच. तिला सांग." म्हणून हे पत्र. साहेबांना दिलेल्या कागदाची नक्कल सोबत जोडली आहे. खाली माझी पूर्ण सही आहे.

तुझीच म्हणवायला आज कचरणारी,
सुनंदा